माळावरचा चारा आणि मेंढीचा ढेकर: प्रकल्प नोंदी

११ जून

प्रश्न आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे काम भरकटणार नाही. सुपे परिसरातल्या माळावर चरणाऱ्या मेंढ्या जे जे खातात, त्यातल्या कशाने त्यांच्या पोटातला मिथेन वाढतो आणि कशाने कमी होतो? आणि कमी होत असेल तर त्यात मेंढीचं नुकसान तर होत नाही ना? यातला दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

थोडी उजळणी. गवताचा तंतू मेंढी स्वतः पचवत नाही, तिच्या कोटीपोटातले (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) जिवाणू, बुरशी आणि प्रोटोझोआ हे एकपेशीय जीव पचवतात. तंतू फुटताना ॲसिटेट हे आम्ल तयार होतं आणि सोबत हायड्रोजन सुटतो. हा हायड्रोजन साचला तर आंबवण्याची क्रियाच मंदावते, म्हणून तो कुठेतरी जावा लागतो. आर्किया गटातले सूक्ष्मजीव हायड्रोजनचे चार रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू घेऊन मिथेनचा एक रेणू बनवतात. तो मेंढीच्या काहीच कामाचा नसतो, ढेकरातून बाहेर पडतो. चाऱ्यातून प्रोपिओनेट हे दुसरं आम्ल जास्त तयार झालं तर हायड्रोजन तिथेच वापरला जातो आणि मिथेन कमी होतो. वनस्पतीचा सगळा प्रभाव या हायड्रोजनच्या हिशेबातून जातो.

आज मेंढपाळ आण्णांना हे सांगायचं होतं. हवामानबदलापासून सुरुवात केली असती तर त्यांनी ऐकून घेतलं असतं, पण ते त्यांच्या कामाचं झालं नसतं. म्हणून चाऱ्याचा हिशेब मांडला. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत विकसनशील देशांतल्या मेंढीसाठी वर्षाला ५ किलो मिथेन धरलेला आहे. एक किलो मिथेनमध्ये साधारण ५५.६ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे वर्षाला २७८ मेगाज्यूल. एक किलो वाळलेल्या गवतात साधारण १८.४ मेगाज्यूल असते. म्हणजे एका मेंढीमागे वर्षाला सुमारे १५ किलो सुक्या चाऱ्याची ऊर्जा ढेकरातून हवेत जाते. ३० किलोची मेंढी दिवसाला वजनाच्या ३ टक्के, म्हणजे ९०० ग्रॅम शुष्क चारा खाते असं धरलं, तर ही १६-१७ दिवसांची चराई झाली.

आण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पंधरा दिसाचं चरणं म्हंजी उन्हाळ्यात लई मोठी गोष्ट हाय, ताई."

खांड (मेंढ्यांचा कळप) त्यांचं, माळ गायरानाचा आणि पडीचा, चारा आंबवून वायू मोजायच्या सिरिंजा कॉलेजच्या. सुरुवात झाली.

१९ जून

पाऊस चांगला झाला. माळ वरून हिरवा दिसतो, पण मेंढीच्या तोंडाला लागेल एवढी वाढ अजून नाही. कोकणातून परतलेले वाडे (मेंढपाळांचे फिरते तळ) आजूबाजूला उतरलेत. आंत्रविषाराची लस या खांडात आधीच टोचलेली आहे हे बरं झालं. पहिल्या लुसलुशीत गवतावर धावलेली मेंढी संध्याकाळी चांगली असते आणि सकाळी वाघरीत, म्हणजे रात्रीच्या जाळीच्या कुंपणात, मेलेली सापडते, हे इथल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. मिथेनचं काम करताना मी आणखी कोवळा चारा, आणखी शेंगवर्गीय चारा असं म्हणणार आहे. त्यामुळे हा धोका वहीत वर लिहिलेला असलेला बरा.

आण्णांच्या वाड्यावरच्या आक्कांकडे बाभळीच्या शेंगांची पोती आहेत. चैत्र-वैशाखात झाडाखाली पडलेल्या वेचून ठेवलेल्या. शेळ्या-करडांना आणि दूध देणाऱ्या मेंढीला त्या पसाभर देतात. "जादा दिल्या तर घट्ट हागत्यात," असं त्या म्हणाल्या. टॅनिनचं (शेंगांतल्या तुरट घटकाचं) प्रमाण वाढलं की काय होतं, हे त्यांना लेंड्या बघून कळतं. नमुन्यासाठी शेंगा घेतल्या. बिया आणि टरफल वेगळं दळायचं ठरवलं, कारण सगळ्या बिया चावल्या जात नाहीत, बऱ्याच रवंथ करताना बाहेर टाकल्या जातात.

२४ जुलै

चाव्यांच्या मोजणीचा दिवस. पद्धत साधी आहे. एक मेंढी निवडायची, तिच्यापासून दोन-तीन हातांवर चालत राहायचं आणि दहा मिनिटांत ती कोणत्या वनस्पतीला किती चावे घेते ते टिपायचं. मग त्याच वनस्पतीचा तेवढाच घास हाताने खुडून पिशवीत टाकायचा. मेंढी बिचकू नये म्हणून आण्णांची जुनी घोंगडी अंगावर घेतली, त्याने फरक पडला.

लांबून पाहिलं तर खांड गवत खातंय एवढंच दिसतं. जवळून वेगळं दिसतं. एक पांढऱ्या कपाळाची मेंढी कुसळीच्या ठोंबाशी थांबली. ठोंबाच्या कडेची जुनी, गेल्या वर्षीची पिवळी पाती तिने ओठांनी बाजूला केली, आतलं कोवळं पातं घेतलं, आणि मग ठोंबाच्या बुडाशी जमिनीसरपट पसरलेला शेवरा, हा शेंगवर्गीय चारा, मुळापासून वर ओढून खाल्ला. शेवऱ्याला तिने सलग चावे घेतले, कुसळीला अधूनमधून. पुढच्या दगडापाशी रानमूग होता. तिथेही तसंच. तरवड आणि टाकळा मध्ये आले, ती वळसा घालून गेली. बोरीचं झुडूप दिसलं तेव्हा मात्र खांडातल्या पाच-सहा जणी एकदम तिकडे वळल्या आणि काट्यांच्या मधून पाला काढू लागल्या.

मारवेल जिथे आहे तिथे तो सगळ्यात आधी जातो, म्हणून आता तो बाभळीच्या बुंध्यापाशी, दगडांच्या सांदीत आणि बांधाच्या आत उरलाय. पवना उताराच्या वरच्या अंगाला. उघड्या माळावर कुसळी आणि त्याहून हलकी गवतं. दख्खनच्या गवताळ भागाला अभ्यासक १९७३ पासून पवना-मारवेल प्रकारचं कुरण म्हणतात. नकाशावर तेच लिहिलेलं असतं, पण सुप्याच्या माळावर ते नाव आता सांदीकोपऱ्यातच खरं ठरतं. माझ्या दृष्टीने ही सगळ्या प्रकल्पातली मोठी बाब आहे. कोणत्या झाडपाल्याने मिथेन घटतो हे विचारण्याआधी मेंढीला निवडायला काय शिल्लक आहे, हे विचारावं लागेल.

३० जुलै

पहिली आंबवण चाचणी. कत्तलखान्यातून पहाटे कोटीपोटातलं द्रव आणलं. थर्मासमध्ये आधी गरम पाणी भरून ठेवायचं, द्रव भरण्याच्या क्षणी ते ओतून टाकायचं, झाकणापर्यंत भरायचं, हवा राहू द्यायची नाही. हे सूक्ष्मजीव प्राणवायूने मरतात आणि थंडीने झोपतात. लॅबमध्ये मलमलीच्या चार पदरांतून गाळलं. रंग गर्द हिरवा, वास आंबूस, ताज्या मुरघासाच्या जवळ जाणारा. असा वास आला की द्रव चांगलं आहे हे समजतं.

१०० मिलिलिटरच्या काचेच्या सिरिंजा, दट्ट्याला व्हॅसलीन, आत २०० मिलिग्रॅम दळलेला नमुना, वर द्रव आणि बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) मिळून ३० मिलिलिटर, ३९ अंशांचं पाणी, २४ तास. जर्मनीतल्या होहेनहाइम इथे १९७९ च्या सुमाराला ठरलेली ही पद्धत आहे आणि आजही कमी पैशांत चारा तपासायला तिच्यासारखी दुसरी नाही. दर काही तासांनी दट्ट्या किती वर आला ते वाचायचं. चाऱ्याशिवायची रिकामी सिरिंज वेगळी ठेवून तिचा वायू वजा करायचा.

शेवटी मिथेन वेगळा काढायला गॅस क्रोमॅटोग्राफ या वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर नंबर लागेल तेव्हा लागेल. तोवर जुनी युक्ती: २४ तासांनंतर सिरिंजेत १० मोलर कॉस्टिक सोड्याचं द्रावण सोडायचं. कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि दट्ट्या डोळ्यांदेखत खाली सरकू लागतो. जिथे थांबतो तिथपर्यंतचा उरलेला वायू म्हणजे जवळपास मिथेन. लॅबमधल्या मुलांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सगळी बाकाभोवती जमली. मिथेनबद्दल वाचणं वेगळं आणि काचेत तो मापाच्या रेघेवर उभा असलेला बघणं वेगळं.

५ ऑगस्ट

निकाल मांडले. बाभळीच्या पाल्याच्या सिरिंजा जवळजवळ बसूनच राहिल्या: एकूण वायूही कमी, मिथेनही कमी. कोवळ्या मारवेलचा दट्ट्या सगळ्यात वर. गेल्या वर्षीची वाळकी कुसळी खाली, बाभळीच्या पाल्याच्या थोडी वर.

तक्ता बघून एका विद्यार्थ्याने विचारलं, "मग वाळकी कुसळी चांगलीच की, मिथेन कमी आहे."

यावर सगळ्यांना बसवून बोलले, कारण या विषयात लोक इथेच फसतात. वाळक्या कुसळीचा मिथेन कमी आला, कारण ती पचलीच नाही. तंतूत लिग्निन हा लाकडासारखा कठीण घटक भरलेला, २४ तासांत जिवाणूंना त्यातलं थोडंच हाती लागलं. मेंढीच्या पोटात असा चारा जास्त वेळ पडून राहतो, हळूहळू आंबतो, तिचं पोट भरलेलं वाटतं आणि ती कमी खाते. वजन वाढत नाही. मग तेच कोकरू विक्रीच्या वजनाला यायला आणखी काही महिने लागतात, आणि त्या सगळ्या महिन्यांत ते ढेकर देतच असतं. एका किलो मटणामागे मिथेन मोजला तर वाळकी कुसळी सगळ्यात वाईट ठरते.

म्हणून आजपासून तक्त्यात तीन रकाने: दळलेल्या चाऱ्याच्या ग्रॅममागे मिथेन, पचलेल्या चाऱ्याच्या ग्रॅममागे मिथेन, आणि एकूण वायूत मिथेनचा वाटा. दुसरा रकाना टाकला की चांगल्या चाऱ्यांच्या क्रमात कोवळा मारवेल वर सरकतो आणि वाळकी कुसळी खाली जाते. एकाच रकान्यावर कोणी मत द्यायचं नाही.

बाभळीच्या पाल्याचं दोन्हीकडून खरं आहे. पचनही कमी आणि मिथेनचा वाटाही कमी. त्यातला कुठला भाग टॅनिनचा, हे वेगळं काढायला हवं.

१४ ऑगस्ट

पॉलिएथिलीन ग्लायकॉल घातलेल्या सिरिंजा आज वाचल्या. हा पदार्थ टॅनिनला चिकटतो आणि त्याला निकामी करतो, स्वतः आंबत नाही. बाभळीच्या पाल्याचा वायू त्यामुळे ठळक वाढला, मिथेनही वाढला. मारवेलवर काहीच परिणाम नाही. म्हणजे बाभळीच्या सिरिंजेत दट्ट्या बसून होता तो टॅनिनमुळे. शेंगांचंही तसंच, पण सौम्य. बोरीच्या पाल्यातही फरक दिसला.

बाभळीच्या टॅनिनची ताकद इथल्या लोकांना वेगळ्या कामातून ठाऊक आहे. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. तरवडाची सालही त्याच कामाची. कातड्यातली प्रथिनं टॅनिन घट्ट बांधून ठेवतं, मग ती कुजत नाहीत. पोटातही तेच होतं: टॅनिन चाऱ्यातल्या प्रथिनांना आणि जिवाणूंच्या एन्झाइमांना बांधतं. मर्यादेत असेल तर प्रथिनं कोटीपोटात फुकट न जाता पुढे आतड्यापर्यंत पोचतात आणि मेंढीला लागू पडतात. शुष्क चाऱ्यात २ ते ४ टक्के टॅनिन असेल तर फायदा, ५-६ टक्क्यांच्या पुढे गेलं तर भूक मंदावते आणि पचन खालावतं, असं जगभरच्या कामांतून साधारण दिसून आलेलं आहे. आक्कांचा पसाभर या मर्यादेच्या आत बसतो का ते पुढच्या फेरीत बघायचं.

१ सप्टेंबर

वाचनाच्या नोंदी, थोडक्यात.

न्यूझीलंडमध्ये लोटस पेडुंक्युलेटस या टॅनिनवाल्या शेंगवर्गीय चाऱ्यावरच्या मेंढ्यांनी, राय गवतावरच्या मेंढ्यांपेक्षा किलो चाऱ्यामागे कमी मिथेन सोडला. तिथली अडचण अशी की लोटस कुरणात टिकत नाही, राय गवत त्याला दाबून टाकतं.

२०११ च्या एका एकत्रित विश्लेषणात उष्ण प्रदेशातली सी-४ गवतं खाणाऱ्या जनावरांनी थंड प्रदेशातल्या सी-३ गवतांपेक्षा (सी-३, सी-४ या वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणाच्या दोन पद्धती) खाद्याच्या किलोमागे १७ टक्के जास्त मिथेन सोडल्याचं, आणि उष्ण प्रदेशातल्या शेंगवर्गीय चाऱ्यापेक्षा २० टक्के जास्त सोडल्याचं आढळलं. आपली कुसळी, मारवेल, पवना, डोंगरी सगळी सी-४. या गवतांना पर्याय नाही, तीच या पावसात आणि या मुरमावर उगवतात. पण त्यांच्या मधोमध शेंगवर्गीय चारा असणं इथे किती मोलाचं आहे, ते या दुसऱ्या आकड्यात दिसतं. न्यूझीलंडच्या हिरवळीपेक्षा आपल्या माळाला शेवऱ्याची गरज जास्त आहे.

सुबाभूळ: मिथेन कमी करते याचे पुरावे चांगले आहेत. उरुळी कांचनच्या बाएफ या ग्रामविकास संस्थेमुळे ती महाराष्ट्रात घरोघर पोचली. मिमोसिन या तिच्यातल्या घटकाने मात्र जास्त प्रमाणात लोकर आणि केस गळतात. ऑस्ट्रेलियात जनावरांना हा त्रास व्हायचा आणि हवाईतल्या शेळ्यांना होत नव्हता. रेमंड जोन्स यांनी हा फरक शोधला, तो हवाईतल्या शेळ्यांच्या कोटीपोटातल्या एका जिवाणूमुळे होता. त्या जिवाणूला पुढे त्यांचंच नाव मिळालं, सिनर्जिस्टिस जोन्सिआय. एकाच झाडाचा पाला एका जनावराला अन्न आणि दुसऱ्याला विष, फरक फक्त पोटातल्या वस्तीचा. मी सिरिंजेत कोणत्या मेंढीचं द्रव वापरते याकडे म्हणूनच लक्ष ठेवायला हवं. माळावरची आणि गोठ्यातली मेंढी सारखी धरता येणार नाही.

दशरथ घास: त्याच्याच गोतातल्या डेस्मॅन्थसवर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडकडे बरंच काम चालू आहे. आपल्याकडे शेळीपालक दशरथ घास बांधावर लावतातच. पुढच्या फेरीत घ्यायचा.

२० सप्टेंबर

हातात धरायचा लेझर मिथेन मापक काही दिवसांसाठी उसना मिळाला. मेंढीच्या नाकपुडीवर साधारण एक मीटरवरून किरण धरायचा, मधल्या हवेतला मिथेन तो दाखवतो. माळावर वारा असा की आकडा क्षणाक्षणाला बदलतो. म्हणून पहाटे, वाघरीत, मेंढ्या रवंथ करत बसलेल्या असताना मोजलं.

रवंथ करणाऱ्या मेंढीच्या गळ्याकडे नीट बघितलं तर घासाचा गोळा वर येताना दिसतो. तो तोंडात आला की जबडा सुरू होतो, आणि गोळा गिळल्यावर पुढचा येईपर्यंत थोडी उसंत असते. ढेकराचा याच्याशी थेट संबंध नाही. तो मधूनच येतो, आवाज न करता, मेंढीने मान किंचित पुढे केली तर केली. डोळ्यांना काही कळत नाही. मापकाचा आकडा मात्र एकदम चढतो, मग श्वासागणिक उतरत जातो. जवळजवळ सगळा मिथेन याच वाटेने जातो. मागच्या आतड्यांत जो थोडा तयार होतो त्यातलाही बहुतेक रक्तात शोषला जाऊन फुफ्फुसातून श्वासाबरोबर बाहेर पडतो. जनावराच्या मागच्या बाजूबद्दलचा समज शाळकरी मुलांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडे आहे, तो काढून टाकायला आजचं एक वाचन पुरे.

शेंगा दिलेल्या आणि न दिलेल्या मेंढ्यांमध्ये फरक दिसला, पण दोन मेंढ्यांमधला आपसातला फरक त्याहून मोठा. यावरून निष्कर्ष काढणार नाही. श्वसनकक्ष (मेंढीला आत ठेवून तिची हवा मोजायची बंद खोली) किंवा सल्फर हेक्झाफ्लोराइड या खुणेच्या वायूच्या नळकांड्या असत्या तर खात्रीने बोलता आलं असतं. तोवर लेझरची वाचनं वेगळ्या पानावर राहतील, सिरिंजेच्या तक्त्यात मिसळायची नाहीत.

१० ऑक्टोबर

कुसळी निसवली. दोन आठवड्यांत चित्र पालटलं. काळी टोकदार कुसळं लोकरीत शिरतात, पीळ खात खात कातडीपर्यंत जातात. कोकरांच्या ओठांत आणि डोळ्यांच्या कडांत रुतलेली आक्का रोज संध्याकाळी चिमटीने काढतात. मेंढ्या कुसळीला तोंड लावत नाहीत.

आण्णा म्हणाले, "ह्ये गवात आता गेलं. मागल्या म्हयन्यात कापलं आसतं तर वैरण झाली आसती. आता कुणाच्याच कामाचं न्हाई."

नेमकं हेच मिथेनच्या दृष्टीनेही खरं आहे. फुलोऱ्याआधी कापून वाळवलेली कुसळी आणि निसवल्यानंतरची कुसळी, वनस्पती एकच, पण पोटाला दोन वेगळे चारे. आमच्या तक्त्यात एकाच वनस्पतीच्या दोन वयांमधलं अंतर कित्येकदा दोन वेगळ्या गवतांमधल्या अंतराहून मोठं आलेलं आहे. कोणतं गवत, याइतकंच कधीचं गवत हेही विचारायला हवं. दोन्ही वेळचे नमुने घेतले.

२८ ऑक्टोबर

शेजारचा वाडा दिवाळीनंतर लगेच घाट उतरेल. आण्णांचं खांड अजून थोडं थांबणार, कारण कापणी झालेल्या रानांत मेंढ्या बसवायची बोलणी झालीत.

बसवण्याच्या निमित्ताने टॅनिनची आणखी एक बाजू तपासायची आहे. सिरिंजांमधला अमोनिया मोजला तेव्हा शेंगा असलेल्या मिश्रणांत तो कमी आला. जनावरात याचा अर्थ असा की नत्र लघवीतून कमी आणि लेंड्यांतून जास्त बाहेर पडतो. लघवीतलं नत्र अमोनिया होऊन लवकर उडून जातं, काही भाग नायट्रस ऑक्साइडही होतो. लेंडीतलं नत्र सावकाश सुटतं, पुढच्या पिकाला मिळतं. शेतकरी मेंढ्या बसवायला धान्य किंवा पैसे देतो ते या खतासाठीच. म्हणजे चाऱ्यातल्या शेंगांचा परिणाम शेतकऱ्याच्या रानापर्यंत पोचायला हवा. बसवलेल्या रानातल्या लेंड्यांचे नमुने घ्यायची परवानगी मिळाली.

१७ नोव्हेंबर

मिश्रणांची फेरी पूर्ण. या सगळ्या कामातला हा मला सगळ्यात उपयोगी वाटणारा भाग, म्हणून सविस्तर.

मेंढी कधीच एक वनस्पती खात नाही, मग सिरिंजेत एकच वनस्पती घालून काय कळणार? जुलैतल्या चाव्यांच्या नोंदींवरून मिश्रणं बनवली. पायाला फुलोऱ्याआधी कापलेला मारवेल किंवा कुसळी. एका गटात त्यात शेवरा आणि रानमूग, दुसऱ्यात बाभळीच्या शेंगांचं टरफल वाढत्या प्रमाणात, तिसऱ्यात दोन्ही. सोबत दशरथ घास, सुबाभूळ आणि स्टायलो हा शेंगवर्गीय चारा.

शेवरा-रानमुगाने पचन वाढलं आणि पचलेल्या ग्रॅममागचा मिथेन थोडा खाली आला. एकदम मोठी घट नाही, पण नुकसान कुठेच नाही. शेंगांचं प्रमाण सातव्या हिश्श्याच्या आसपास होतं तोवर एकूण वायू किरकोळ घटला आणि मिथेनचा वाटा त्याहून जास्त घटला. हाच हवा असलेला पट्टा. शेंगा तिसऱ्या हिश्श्यापर्यंत नेल्या की पचनच खाली येऊ लागलं, आणि तिथून पुढे मिथेन कमी दिसतो तो उपाशी मेंढीचा. आक्कांचा पसा तोलून पाहिला. मेंढीच्या दिवसाच्या चाऱ्याच्या मानाने तो त्या हव्या पट्ट्याच्या आतच बसतो.

तिसरा गट, शेवरा आणि शेंगा दोन्ही, सगळ्यात चांगला. शेवऱ्यातली प्रथिनं भरपूर, पण कोटीपोटात लवकर फुटणारी. शेंगांतलं टॅनिन त्यातली काही वाचवतं. एकट्या शेवऱ्याने किंवा एकट्या शेंगांनी हे साधत नाही.

निसवल्यानंतरच्या कुसळीत शेंगा घातल्या तर मात्र फायदा नाही, आधीच कमी असलेलं पचन आणखी कमी होतं. उन्हाळ्यात वाळक्या गवतावर शेंगा देताना हे लक्षात ठेवायला हवं: तेव्हा शेंगांबरोबर काहीतरी हिरवं किंवा मूठभर पेंड लागेल. आण्णांना हे सांगितलं. त्यांच्याकडे उन्हाळ्यात शेंगांबरोबर पिंपळाचा आणि वडाचा पाला आकडीने पाडून देतात. तो पाला आणून पुढे तपासायचा.

९ डिसेंबर

आज एका बैठकीत विचारणा झाली की मिथेन कमी करणारी एखादी वनस्पती निवडून सबंध गायरानावर पेरता येईल का, म्हणजे प्रकल्पाला ठोस काहीतरी दाखवता येईल. मी नको म्हणाले. कारणं इथे लिहून ठेवते.

एक, टॅनिनचा उपयोग प्रमाणावर आहे. सबंध रानात तेच लावलं तर मेंढीला प्रमाण राखता येणार नाही. जुलैत तिला ओठांनी पाती बाजूला करत निवडताना मी पाहिलंय. तिला निवडायला पाच-सात गोष्टी असतील तर ती प्रमाण बऱ्यापैकी राखते.

दोन, माळाला एकाच झाडाने झाकण्याचे प्रयोग आधी झालेले आहेत. ग्लिरिसिडिया आणि वेडी बाभूळ जिथे माजली तिथे खाली गवत उरलं नाही. चिंकारा, लांडगा आणि माळावरचे पक्षी यांना मोकळं गवत लागतं, झाडांची राई नाही. मिथेनच्या नावाखाली कुरण संपवणं मला मान्य नाही.

तीन, गोठ्यातल्या जनावरासाठी उपाय आहेत. बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून हरित धारा नावाचं पूरक खाद्य बनवलंय, त्याने मिथेन १७ ते २० टक्के घटतो असं संस्थेचं म्हणणं आहे. इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत हिरडा, रिठा, लसूण यांवर बरंच काम झालंय. रिठ्यातलं सॅपोनिन प्रोटोझोआ मारतं, आणि त्यांच्या अंगावर-अंगात वस्ती करणारे मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव त्यांच्याबरोबर कमी होतात. ही सगळी भुकटी दाणीत मिसळून देता येते. दिवसभर चालणाऱ्या मेंढीला दाण कोण देणार? तिचं खाद्य जमिनीतूनच उगवायला हवं.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ७.४ कोटी मेंढ्या आणि १४.९ कोटी शेळ्या आहेत. यातल्या फार मोठ्या संख्येचं पोट माळ, गायरान, बांध आणि पडीवर चालतं. त्यांच्या मिथेनचा प्रश्न पुडीत सुटणार नाही, कुरणात सुटेल.

एकाने विचारलं की मेंढपाळांवर याचा बोजा येणार का. मिथेन हवेत साधारण १२ वर्षं टिकतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, म्हणून तो कमी करण्याचा फायदा लवकर दिसतो हे खरं. पण डोंगराळ-कोरडवाहू भागात फिरणाऱ्या माणसाने जगाचा हिशेब चुकता करावा, असं मी कुठल्याही अहवालात लिहिणार नाही. त्याच्या मेंढीला चांगला चारा मिळाला तर मिथेन आपोआप कमी होतो. क्रम हाच राहील.

१३ जानेवारी

पुढच्या पावसाळ्याची आखणी ठरली. गायरानाचा एक तुकडा गावाने दोन पावसाळ्यांसाठी द्यायचं कबूल केलंय. त्याचे चार भाग. पहिल्यात काहीच करायचं नाही, आत्तासारखी चराई. दुसऱ्यात फक्त वेळ: जून-जुलै बंद, ऑगस्टपासून फुलोऱ्यापर्यंत चराई आणि कापणी, निसवण्याच्या आत कुसळी उचललेली. तिसऱ्यात तीच वेळ, आणि शेवरा, रानमूग, मारवेल यांचं इथलंच बी टाकायचं. चौथ्यात तिसऱ्यासारखंच सगळं, शिवाय बांधाला बोर आणि देशी बाभूळ राखायची, बाभळी विरळ, सावलीत मारवेल टिकेल एवढ्याच. स्टायलो आणि दशरथ घास गायरानात नाही, फक्त ज्यांना हवा त्यांच्या खासगी बांधावर.

बियांचा प्रश्न उरला होता. शेवऱ्याचं बी बाजारात मिळत नाही. नोव्हेंबरमध्ये आक्का आणि वस्तीवरच्या दोघी-तिघींनी मंदिरामागच्या राखलेल्या जागेत, जिथे मेंढरं जात नाहीत तिथे, वाळलेल्या शेंगा खुडून दिल्या. बी कठीण आहे, तसंच पेरलं तर कमी उगवतं. थोडं वाळूत चोळून आणि थोडं गरम पाण्यात भिजवून दोन्ही प्रकारे उगवण तपासायला ओल्या कागदावर लावलंय. चोळलेल्यातले मोड आधी आले. मजुरीच्या अंदाजपत्रकात बी चोळणं आणि बी वेचणं ही दोन कामं वेगळी दाखवली आहेत. वेचणाऱ्यांना दर दिवसाच्या मजुरीने पैसे द्यायचे, किलोच्या भावाने नाही. किलोवर दिलं तर कच्च्या शेंगाही येतात.

पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि कॉस्टिक सोडा संपत आलाय, मागवायचा. पिंपळ आणि वडाच्या पाल्याचे नमुने एप्रिलमध्ये. खांड कोकणातून परतलं की चाव्यांची मोजणी पहिल्या भागापासून.